काम कायमचं, माणूस तात्पुरता : महारवतनापासून पार्सल वाटपापर्यंत

दसरा-दिवाळीच्या महिना-दीड महिना आधी ऑनलाइन खरेदीच्या कंपन्या हंगामी भरतीच्या जाहिराती काढतात. गोदामात माल लावायला, गाडीवर मदतनीस म्हणून, घरोघर पार्सल पोचवायला हजारोंनी माणसं लागतात. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी पोरं त्या दोन-तीन महिन्यांत या कामावर असतात. कुणी बारावी करून थांबलेला, कुणी पदवीधर, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. सण संपला की काम संपतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

याबद्दल तीन दावे ऐकू येतात. कंपन्या म्हणतात, तात्पुरत्या मदतनिसांमुळे काम कार्यक्षम होतं. सरकार म्हणतं, रोजगार निर्माण झाला. आणि आपल्यातलेच काही शिकलेले लोक म्हणतात, इथे निदान कुणी जात विचारत नाही, पाठीवर बॅग टाकली की सगळे सारखे. हे तिन्ही दावे इतिहासाच्या कसोटीला लावून पाहण्याची गरज आहे. कारण निरोप, टपाल आणि ओझं एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचवण्याचं काम या देशात मोबाइलसोबत आलेलं नाही. ते शेकडो वर्षं चाललेलं आहे. ते कुणाच्या पायांवर चाललं आणि त्या पायांना काय मिळालं, हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही.

आधी कार्यक्षमतेचं म्हणणं ऐकून घेऊ

विरोधकाचा मुद्दा नीट समजून घेतल्याशिवाय त्याचा प्रतिवाद करू नये, ही बाबासाहेबांची शिस्त आहे. म्हणून हे मान्य करू की पार्सलचं काम वर्षभर सारखं नसतं. सणाला ते कित्येक पटींनी वाढतं, मग ओसरतं. सणाच्या मापाने कायम माणसं भरली तर उरलेले महिने ती बसून राहतील. एरवीच्या मापाने भरली तर सणाला गोदामं तुंबतील. शिवाय पार्सलच्या प्रवासात सगळ्यात खर्चाचा टप्पा शेवटचा असतो, म्हणजे केंद्रापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा. चालक एकटा असला तर गाडी लावणं, जिने चढणं, दार उघडेपर्यंत थांबणं यातच त्याचा दिवस जातो. सोबत मदतनीस दिला की एक जण गाडी पुढे नेतो आणि दुसरा पार्सल देऊन येतो. त्याच वेळात जास्त घरं होतात. हे गणित खोटं नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काम कमी-जास्त होतं, तेव्हा त्या चढउताराचा खर्च कुणीतरी सोसतोच. मंदीच्या महिन्यांत त्या मदतनिसाच्या घरची चूल काही बंद नसते. कंपनीच्या हिशेबातून जो खर्च नाहीसा झालेला दिसतो, तो त्याच्या घरात जाऊन बसलेला असतो. त्यामुळे कार्यक्षमता वाढली असं कुणी म्हटलं की आपण विचारलं पाहिजे : ती काम करण्याच्या रीतीतून आली, की खर्च दुसऱ्याच्या दारात टाकण्यातून आली?

वतन : फुकट पोचवण्याची व्यवस्था

या देशात तो खर्च दुसऱ्याच्या दारात टाकण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत निर्दय रीत म्हणजे महारवतन. गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा, सरकारी टपाल आणि सांगावा गावोगाव न्यायचा, साहेबाचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत वाट दाखवायची, मयताची बातमी परगावी पोचवायची, लोकांना चावडीवर बोलावून आणायचं. तराळकी आणि येसकर-पाळी म्हणजे दुसरं काय होतं? इंग्रजांच्या महसुली कारभाराचं शेवटच्या टप्प्याचं वाटप महारांच्या पायांवर चालत होतं. १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने त्याला सरकारी शिक्काही मिळाला.

बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'तून वतनाचा प्रश्न मांडला आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात हा कायदा दुरुस्त करण्यासाठी विधेयक आणलं. त्यांच्या मांडणीतला मुद्दा प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. महार सरकारचा नोकर आहे, पण त्याला कामाचे तास नाहीत. दिवसा-रात्री केव्हाही हाक आली की हजर व्हायचं. पाळीवरचा माणूस घरी नसेल तर सरकार त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला लावतं. म्हणजे नेमणूक एका माणसाची आणि ताबा अख्ख्या कुटुंबावर.

आणि मोबदला? थोडी इनाम जमीन आणि रयतेकडून मिळणारं बलुतं. काम सरकारचं, पण मजुरी मागायची शेतकऱ्याच्या खळ्यावर. यातली मेख बाबासाहेबांनी ओळखली होती. ज्याच्यासाठी राबायचं तो एक आणि ज्याच्या हातात मजुरी तो दुसरा, अशी रचना असली की कामगार दोघांचाही गुलाम होतो. महाडनंतर आपल्या लोकांनी मेलेली गुरं ओढायचं नाकारलं, स्वाभिमानाने वागायला सुरुवात केली, तेव्हा गावोगाव बलुतं बंद करण्याचं हत्यार उपसलं गेलं. सरकारने मात्र आपलं काम घेणं थांबवलं नाही.

१९२८ च्या विधेयकाचा गाभा बलुतं वाढवून मागण्याचा नव्हता. ज्याला सेवा सोडायची आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या, बलुत्याचं रूपांतर रोख करात करा, महाराने कोणती कामं करायची ते ठरवून द्या, असा तो आग्रह होता. विधेयकाची चिरफाड झाली आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद घेऊन बाबासाहेबांनी पुन्हा रणशिंग फुंकलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं नष्ट करणारा कायदा आला तो १९५८ चा, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

या लढ्यातून चार साधे प्रश्न हाती लागतात. मी नोकर कुणाचा? माझ्या कामाला तासांची आणि प्रकाराची हद्द कोणती? माझा पगार किती आणि तो कुणाच्या हातून? आणि मी आजारी पडलो, गैरहजर राहिलो, तर भार कुणावर? पुढचा सगळा इतिहास याच चार प्रश्नांवर तपासून पाहू.

टपालखातं आणि 'खात्याबाहेरचा' माणूस

१ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर टपाल तिकिटं आली आणि एकसारखा टपालदर लागू झाला. रेल्वे मोजक्या मार्गांवर होती. उरलेलं टपाल हरकाऱ्याच्या खांद्यावरून धावत होतं. हातात भाला-काठी, तिला घुंगरं, पाठीवर थैली, ठरलेला टप्पा. येसकराच्या काठीलाही घुंगरं होती. दोघांचं काम एका जातीचं, फरक एवढाच की हरकाऱ्याला रोख पगार होता. १८७७ मध्ये व्ही.पी. पार्सल सुरू झालं, म्हणजे माल देऊन पैसे घेऊन येण्याची पद्धत. आज जिला 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणून मोठा शोध असल्यासारखं सांगितलं जातं, ती पोस्टमनने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीपासून केलेली आहे.

पण खेड्यापाड्यांत पोचायचं तर पूर्ण पगाराचा नोकर परवडत नाही, असं खात्याने ठरवलं. मग युक्ती काढली. गावचा शाळामास्तर, दुकानदार, निवृत्त माणूस यांना थोडा भत्ता देऊन त्यांच्याकडून टपालाचं काम करून घ्यायचं. यातून 'एक्स्ट्रा-डिपार्टमेंटल' म्हणजे खात्याबाहेरचे कर्मचारी तयार झाले. १९६४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे नियम झाले. पुढे नाव बदललं आणि ते 'ग्रामीण डाक सेवक' झाले. नाव गोड झालं. नियमांनी मात्र त्यांना केंद्र सरकारच्या नागरी सेवेच्या बाहेरच ठेवलं.

आपले चार प्रश्न इथे लावा. नोकर कुणाचा? टपालखात्याचा, पण सेवेच्या बाहेरचा. तास किती? कागदावर दिवसाला जास्तीत जास्त पाच. पगार? पगार नव्हे, वेळेशी जोडलेला भत्ता. आणि माझ्याकडे उपजीविकेचं दुसरं साधन आहे असं सेवकाने लिहून द्यायचं. रजेवर गेला तर? वर्षानुवर्षं पद्धत अशी की आपल्या जागी बदली माणूस त्यानेच उभा करायचा आणि त्याची जबाबदारीही त्यानेच घ्यायची. वतनात बापाला किंवा भावाला हजर करत, इथे बदली हजर करा. दोन्हींचं दुःख सारखं नाही. वतन जन्माने लादलेलं होतं, हे काम माणूस अर्ज करून घेतो. पण गैरहजेरीचा भार मालकाने घ्यायचाच नाही, ही रीत जशीच्या तशी राहिली.

या 'बाहेर'ला कोर्टात आव्हान मिळालं. १९७७ मध्ये पी. के. राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कर्मचारी नैमित्तिक मजूर नाहीत. ते राज्याच्या अखत्यारीतलं पद धारण करतात आणि संविधानाच्या कलम ३११ चं संरक्षण त्यांना आहे. चौकशीशिवाय काढून टाकता येणार नाही. १९८७ मध्ये टपाल आणि तार खात्यातल्या रोजंदारी कामगारांच्या बाबतीत न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की त्यांना त्या कामाच्या नियमित वेतनश्रेणीतल्या किमान वेतनाइतकं तरी द्या, आणि वर्षाहून अधिक काळ सलग काम करणाऱ्यांना सामावून घेण्याची योजना करा. सरकारनेच मजुरांच्या गरजेचा फायदा घेऊन कमी पैशात काम करून घेणं हे शोषण आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

तरीही मे २०१८ मध्ये देशभरच्या ग्रामीण डाक सेवकांना दोन आठवड्यांहून जास्त संप करावा लागला, तेव्हा जूनमध्ये सुधारित भत्त्यांना मंजुरी मिळाली. चार तासांच्या कामासाठी शाखा डाकपालाला किमान १२,००० आणि सहायकाला किमान १०,००० रुपये. तीन लाखांहून अधिक माणसांचा हा प्रश्न होता. ज्या कामाला दीडशे वर्षं होऊन गेली, ते काम करणारा अजूनही 'बाहेरचा' कसा?

जात विचारत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी

आता जातीकडे वळू. शाखा डाकघर चालवायचं तर त्यासाठी गावात जागा सेवकाने द्यायची आणि उत्पन्नाचं दुसरं साधनही दाखवायचं. ही अट जातीचं नाव घेत नाही. पण गावाच्या मध्यवस्तीत जागा कुणाकडे असते? दुसरं उत्पन्न, म्हणजे शेती किंवा दुकान, कुणाकडे असतं? पूर्वी तर टपालाची पेटी मास्तरच्या किंवा सावकाराच्या ओसरीवर असायची, आणि त्या ओसरीवर आपल्या माणसाला पाय ठेवता येत नव्हता. म्हणजे बिनपगारी थोरवीचं आणि मानाचं अर्धवेळ काम मालमत्तावाल्याकडे गेलं.

याचा परिणाम वाटपावर कसा होतो पाहा. ११ राज्यांतल्या ५६५ गावांमध्ये अस्पृश्यतेची जी मोठी पाहणी झाली आणि २००६ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिच्यात चारपैकी जवळपास एका गावात दलितांच्या घरी टपाल पोचवलं जात नसल्याचं आढळलं. टपालखात्याच्या कार्यक्षमतेच्या कोणत्या तक्त्यात ही पत्रं मोजली गेली असतील? पोस्टमन महारवाड्यात न जाता परत फिरला, तर त्याचा वेळ वाचतोच की! कार्यक्षमता नुसती मिनिटांत मोजली की अन्यायही बचत म्हणून जमेला धरला जातो.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंची नावं घेतली, हे आपण नेहमी सांगतो. त्याच भाषणातला एक बारीक तपशील कमी सांगितला जातो. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टर म्हणूनही घेत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं सांगितली जातात, आणि त्या घरात याला घेणार कसं? कामाची हद्द ठरलेली नव्हती म्हणून साहेबाच्या घरकामाची सोय झाली, आणि त्या सोयीपायी जात आडवी आली. कामाची व्याख्या सैल ठेवली की त्या सैल जागेत जात शिरते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये सुताच्या धाग्याला तोंड लावावं लागतं म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना बंदी होती, आणि तेच खातं जास्त मजुरीचं होतं, हेही आपल्याला ठाऊक आहे.

आज ॲप जात विचारत नाही हे खरं. पण कोणत्या घरातला मुलगा सणापुरती बॅग उचलतो आणि कोणत्या घरातला मुलगा त्या कंपनीच्या कार्यालयात कायम पगारावर बसतो, हे त्याला विचारायची गरजही नाही. जमीन, घर, ओळख, इंग्रजी या चाळण्या आधीच लागलेल्या असतात. आणि कंत्राटी भरतीत आरक्षण गळून पडतं, ही तर थेट आपल्या मुळावर येणारी गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या खात्यांत ४५ दिवस किंवा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे. पण नेमणूक खात्याने न करता एजन्सीने माणसं पुरवली की हा नियम कागदावर राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला आणि लोकांच्या संतापामुळे तो ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. तो संताप कशाबद्दल होता, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतला दाखला

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. युनायटेड पार्सल सर्व्हिस ही अमेरिकी कंपनी १९०७ मध्ये सिएटल शहरात निरोप पोचवणाऱ्या पोरांची कंपनी म्हणून सुरू झाली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या पार्सल कंपन्यांपैकी एक झाली. नाताळच्या हंगामात चालकाच्या जोडीला मदतनीस द्यायची तिची पद्धत जुनी आहे. त्याखेरीज गोदामांत अर्धवेळ माणसं भरत भरत कंपनीने असं केलं की निम्म्याहून जास्त कामगार अर्धवेळ झाले. काम मात्र बाराही महिने होतं.

४ ऑगस्ट १९९७ रोजी टीमस्टर्स संघटनेचे सुमारे १,८५,००० कामगार संपावर गेले. यात पूर्णवेळ चालकही होते, ज्यांची स्वतःची नोकरी सुरक्षित होती. पंधरा दिवसांनी कंपनीने १०,००० अर्धवेळ कामं एकत्र करून पूर्णवेळ करण्याचं मान्य केलं. धडा सरळ आहे. कायम कामगार तात्पुरत्यासाठी उभा राहतो तेव्हाच लढाई जिंकता येते. जेव्हा तो तात्पुरत्याकडे आपल्या ताटातला वाटेकरी म्हणून बघतो, तेव्हा मालक दोघांनाही हरवतो.

महाराष्ट्राने शोधलेलं उत्तर

'मग काय, सणापुरती माणसं घ्यायचीच नाहीत का?' असं विचारलं जातं. घ्यावीत. काम चढउताराचं आहे म्हणून माणूस वाऱ्यावर सोडावा लागतो, हे मात्र खोटं आहे. आणि ते खोटं असल्याचा पुरावा आपल्याच राज्यात १९६९ पासून आहे.

हमालाचं काम पार्सलच्या कामाहूनही बेभरवशाचं. आज या पेढीवर दहा गाड्या, उद्या एकही नाही. एका मालकाकडे बारा महिने काम नाही म्हणून कुणीच मालक व्हायला तयार नव्हता. या कामगारांच्या लढ्यातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची रचना बघा. मालकांनीही मंडळात नोंदणी करायची आणि कामगारांनीही. टोळी वेगवेगळ्या मालकांकडे काम करते. मजुरी मंडळात भरली जाते आणि तिच्यावर मालकाने ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधपाणी. म्हणजे मालक बदलत राहतो, पण कामगाराचा हिशेब तुटत नाही. चढउताराचा खर्च त्या धंद्याने मिळून सोसायचा. माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी गुंडगिरी आणि खंडणी झाली हे खरं आहे, आणि तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. पण तिचं निमित्त करून कायदाच मोडीत काढायची भाषा होते, तेव्हा सावध राहिलं पाहिजे.

या विचाराचं मूळ बाबासाहेबांच्या कामात दिसतं. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातले कामाचे तास कमी करणं, पगारी रजा, सरकार-मालक-कामगार यांची त्रिपक्षीय परिषद आणि रोजगार विनिमय केंद्रं ही त्या काळातली कामं. विनिमय केंद्रामागचा विचार असा की दोन कामांच्या मधला रिकामा काळ ही त्या माणसाची खाजगी अडचण नाही. ती समाजाने वाटून घ्यायची जबाबदारी आहे.

'स्वतंत्र' कामगाराचं स्वातंत्र्य

आज कंपन्यांनी एक नवा शब्द आणला आहे : भागीदार. पार्सल पोचवणारा नोकर नाही, भागीदार आहे. हवं तेव्हा काम कर, नको तेव्हा बंद ठेव. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, अपघातही त्याचाच. दर ठरवायचा अधिकार मात्र भागीदाराला नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी, अशी तरतूद तीत आहे. पहिल्यांदा कायद्यात नाव आलं, हे पाऊल म्हणून नोंदवू. पण व्याख्या काय म्हणते? पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करणारा तो गिग कामगार. पुन्हा 'बाहेर'! महार गावकुसाच्या बाहेर, डाक सेवक नागरी सेवेच्या बाहेर आणि पार्सलवाला मालक-नोकर नात्याच्याच बाहेर. काम मात्र प्रत्येक वेळी आतलं. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली आहे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे.

या 'स्वातंत्र्या'बद्दल बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये १९४७ सालीच बजावलं आहे. राज्याने आर्थिक व्यवहारातून हात काढून घेतला की स्वातंत्र्य वाढतं असं म्हणतात; पण ते वाढतं जमीनदाराला खंड वाढवायला आणि भांडवलदाराला तास वाढवून मजुरी घटवायला. ज्याच्या पोटात भूक आहे तो आपल्या मूलभूत हक्कांवरही पाणी सोडायला तयार होतो, हा त्यांचा इशारा आहे. सणाच्या दिवसांत चौदा-चौदा तास धावणाऱ्या पोराला 'तू स्वतंत्र आहेस' असं सांगताना हा इशारा आठवावा.

एका गोष्टीत आपलीही भूमिका स्पष्ट हवी. 'सगळ्या तात्पुरत्यांना कायम करा' एवढीच घोषणा पुरेशी नाही. २००६ च्या उमादेवी खटल्यात घटनापीठाने सांगितलं की खुल्या भरतीची प्रक्रिया टाळून मागच्या दाराने आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, कारण त्यात इतरांच्या समान संधीचा भंग होतो. हा मुद्दा आपल्याला परका नाही; मागचं दार नेहमी ओळखीवाल्यांसाठीच उघडतं आणि तिथे आरक्षण नसतं. म्हणून आपली मागणी एक पायरी आधीची असली पाहिजे. जे काम बारमाही आहे ते पहिल्या दिवसापासून कायम पद म्हणून, जाहिरात देऊन, आरक्षणासह भरा. जे खरोखर हंगामी आहे ते माथाडीसारख्या मंडळामार्फत द्या, म्हणजे हंगाम संपला तरी माणसाचा हिशेब संपणार नाही.

आता आपण काय करायचं

वस्तीत, वसतिगृहात, अभ्यासिकेत जे तरुण या कामावर जातात त्यांना कमी लेखू नका. काम हलकं नसतं. अटी हलक्या असतात. त्यांच्यासोबत बसा आणि १९२८ चे चार प्रश्न त्यांच्या हातात द्या. नेमणूक कुणी केली, कंपनीने की मधल्या ठेकेदाराने, ते लेखी घ्या. तास आणि कामाची हद्द लिहून घ्या. पैसे कुणाच्या खात्यातून येतात ते पाहा आणि प्रत्येक नोंद जपून ठेवा. अपघात किंवा आजार झाला तर जबाबदारी कुणाची, हे कामावर जायच्या आधी विचारा. एकट्याने विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. म्हणून दहा जणांनी मिळून विचारा.

आणि राज्य सरकारकडे मागणी लावून धरा की पार्सल आणि घरपोच वाटपाच्या कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ स्थापन करा, प्रत्येक पार्सलमागे लेव्ही घ्या. पार्सल दारात पोचवणाऱ्याच्या वाट्याला त्यातला रुपया-दोन रुपया आला म्हणून कुणाची दिवाळी अंधारात जाणार नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी सरकारचा खजिना डोक्यावर वाहिला आणि मजुरीसाठी दुसऱ्याच्या खळ्यावर हात पसरला. बाबासाहेबांनी तो हात मागे घ्यायला शिकवलं आणि पगार मागायला शिकवलं. नातवाच्या पाठीवर आज बॅग आहे. तिच्यातलं पार्सल वेळेत पोचतं की नाही यावर कंपनी मिनिटामिनिटाला लक्ष ठेवून असते. त्याची मजुरी, त्याची रजा आणि त्याचा विमा त्याच्यापर्यंत पोचतो की नाही, यावर लक्ष ठेवणं हे चळवळीचं काम आहे.

जय भीम!